बोलायचे एका कंप्रतेवर, ऐकायचे दुसरीवर

बंदोबस्तावरच्या पोलिसाच्या हातातला वॉकीटॉकी तुम्ही पाहिला असेल. बटण दाबून बोलायचे, सोडून ऐकायचे. अशा दोन संचांना थेट बोलायचे असेल तर दोन्ही एकाच कंप्रतेवर लावले की काम भागते. मग पुष्कळ संचांवर प्रेषणाची कंप्रता वेगळी आणि ग्रहणाची वेगळी ठेवण्याची सोय असते, ती कशासाठी?

हातातल्या संचाची शक्ती साधारण पाच वॅट, आणि डोंगर आडवा आला की आवाज अडलाच. म्हणून उंच जागी रिपीटर बसवतात. तो तुमचे बोलणे ऐकतो आणि त्याच क्षणी सर्वांना ऐकवतो. तुमच्याकडून त्याच्यापर्यंत पोचणारी शक्ती एका वॅटच्या अब्जाव्या भागाहूनही कमी असू शकते; उलट त्याचा स्वतःचा प्रक्षेपक शेजारीच कित्येक वॅट ओतत असतो. कंप्रता एकच ठेवली तर ढोल बडवता बडवता कुजबुज ऐकण्यासारखा प्रकार होईल. म्हणून तो एका कंप्रतेवर ऐकतो व दुसरीवर बोलतो. तुमच्या संचावर अर्थातच हे उलट लावायचे. तो जिथे ऐकतो तिथे तुम्ही बोलायचे, तो जिथे बोलतो तिथे तुम्ही ऐकायचे.

असाच एक रिपीटर सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर, आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात आहे. हौशी रेडिओचालकांसाठी तो सप्टेंबर २०२० मध्ये सुरू झाला. तो १४५.९९० मेगाहर्ट्झवर ऐकतो आणि ४३७.८०० मेगाहर्ट्झवर बोलतो. (नेहमी चालू असतोच असे नाही.) बोलताना आपल्या आवाजाखाली ६७ हर्ट्झचा एक मंद स्वर सोडावा लागतो, तो नसेल तर रिपीटर तुमची दखलच घेत नाही.

आता खरी गंमत. हे स्थानक सेकंदाला साडेसात किलोमीटरांहून अधिक वेगाने धावते. क्षितिजावर उगवताना ते आपल्याकडे सेकंदाला सुमारे ७ किलोमीटर वेगाने येत असते. फलाटावर येणाऱ्या गाडीच्या शिट्टीची पट्टी चढलेली वाटते, जाणाऱ्या गाडीची उतरलेली. डॉप्लरने १८४२ साली मांडलेला हाच परिणाम इथेही लागू पडतो. गणित वहीत करून पाहा: वेग भागिले प्रकाशाचा वेग, म्हणजे ७ भागिले ३,००,०००, त्याला ४३७.८ मेगाहर्ट्झने गुणा. उत्तर सुमारे १० किलोहर्ट्झ येते. तेव्हा स्थानक येताना ४३७.८१० वर ऐकायचे, सर्वांत जवळ असताना ४३७.८०० वर, आणि जाताना ४३७.७९० वर. हा सारा खेळ दहाएक मिनिटांत आटोपतो.

पहिल्यांदा गच्चीवर संच घेऊन उभा राहिलो तेव्हा घाईत मी चिन्हच उलटे धरले आणि ४३७.७९० लावून बसलो. नुसती खरखर! अँटेना हलवली, जोडण्या तपासल्या, बॅटरीला दोष दिला. स्थानक डोक्यावरून पुढे सरकून पूर्वेकडे उतरू लागले आणि एकाएकी आवाज स्पष्ट ऐकू आले. चूक आपोआप बरोबर झाली होती! वर्गात डॉप्लर शिकवणाऱ्याची ही गत.

एक शंका तुमच्या मनात आली असेल: येणाऱ्या स्थानकावरील माणसाचा आवाज किनरा ऐकू येत नाही का? बदल साधारण चाळीस हजारांत एक इतकाच असतो. कानाला तो कळणे शक्य नाही. अडचण वेगळीच आहे. लहरच ग्राहकाच्या अरुंद खिडकीतून बाहेर सरकते.

प्रेषणाचे काय? इथे विद्यार्थी हमखास फसतात. स्थानक जवळ येत असताना त्यालाही आपली कंप्रता वाढलेलीच ‘ऐकू’ येते. त्याच्याकडे ती नेमकी १४५.९९० पोचायची असेल तर आपण थोडी कमी पाठवली पाहिजे. म्हणजे एकाच क्षणी ग्रहणाची कंप्रता वर सरकवायची आणि प्रेषणाची खाली! मात्र हा फरक सुमारे ३.४ किलोहर्ट्झच असतो आणि रिपीटरची खिडकी तेवढे सहसा चालवून घेते. म्हणून बरेच जण प्रेषणाला हात लावत नाहीत, फक्त ग्रहण बदलतात.

प्रेषणाचे बटण दाबायला परीक्षा देऊन मिळवलेला हौशी रेडिओचा परवाना लागतो. शाळेत कुणा परवानाधारकाला बोलावता आले तर पाहा. कंप्रता कोणत्या मिनिटाला किती बदलावी लागली याची नोंद ठेवा आणि त्यावरून स्थानकाचा वेग काढा.