घराण्यातील कर्करोग आणि प्रतिबंधक शस्त्रक्रियेचा निर्णय

आई, मावशी किंवा आत्या स्तनाच्या कर्करोगाने दगावली असेल, तर घरातील मुलींच्या मनात आपले पुढे काय, ही धास्ती घर करून राहते. रोग झालेला नसताना निरोगी अवयव काढून टाकावा काय, असा अवघड प्रश्न अशा कुटुंबांपुढे आज उभा राहतो.

स्तनाच्या कर्करोगाच्या शंभर रुग्णांपैकी सुमारे ५ ते १० जणांच्याच रोगाचे मूळ आनुवंशिक दोषात असते. १९९० साली अमेरिकन शास्त्रज्ञ मेरी-क्लेअर किंग यांनी अशा एका जनुकाचे स्थान सतराव्या गुणसूत्रावर असल्याचे दाखविले. हा जनुक, बी.आर.सी.ए. १, १९९४ मध्ये आणि बी.आर.सी.ए. २ त्यापुढील वर्षी निश्चित झाला. यांपैकी एकात दोष असलेल्या शंभर स्त्रियांपैकी सुमारे ७० जणींना वयाच्या ऐंशीपर्यंत स्तनाचा कर्करोग होतो. बीजांडकोशाच्या कर्करोगाचे हेच प्रमाण पहिल्या जनुकात सुमारे ४४, तर दुसऱ्यात १७ आहे. दोष अपत्यात उतरण्याची शक्यता निम्मी असते आणि तो पित्याकडूनही येतो. म्हणून आत्यांची चौकशी मावशांइतकीच महत्त्वाची ठरते.

चाचणी शक्यतो प्रथम रोग झालेल्या नातलगाची करावी. तिच्यात दोष सापडला आणि मुलीत तो नसला, तर मुलीचा धोका इतर स्त्रियांएवढाच राहतो. शस्त्रक्रियेचा प्रश्नच उरत नाही. अहवालात अर्थ निश्चित न झालेला बदल आढळल्यास केवळ त्यावरून शस्त्रक्रिया करणे चुकीचे होय.

दोष निश्चित झाल्यावरही दोन अवयवांचा विचार निरनिराळा करावा लागतो. स्तनांच्या बाबतीत दरवर्षी एम.आर.आय. व योग्य वयापासून मॅमोग्राफी करून रोग लवकर हुडकता येतो. शस्त्रक्रियेने धोका ९० टक्क्यांहून अधिक घटतो, परंतु पूर्ण नाहीसा होत नाही. पाळत ठेवणे हाही येथे रास्त पर्याय आहे. बीजांडकोशाचा रोग वेळीच ओळखणारी भरवशाची तपासणी मात्र उपलब्ध नाही. त्यामुळे मुले झाल्यानंतर, पहिल्या जनुकाच्या दोषात साधारणतः ३५ ते ४० आणि दुसऱ्याच्या दोषात ४० ते ४५ या वयात बीजांडकोश व बीजवाहिन्या काढण्याचा सल्ला तज्ज्ञ देतात. यामुळे मासिक पाळी एकाएकी कायमची थांबते, अंगाची लाही होते, हाडे ठिसूळ होऊ लागतात. ही किंमत आधी समजावून घ्यावयास हवी.

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात आनुवंशिक कर्करोगासाठी स्वतंत्र सल्ला विभाग आहे. तेथे जाण्यापूर्वी दोन्हीकडच्या तीन पिढ्यांची माहिती जमवावी. हे काम दिसते तितके सोपे नाही. मुलींची लग्ने जमावीत म्हणून पुष्कळ घरांत हा रोग लपविला जातो, आणि बीजांडकोशाच्या कर्करोगाने गेलेली आजी ‘पोटात पाणी होऊन गेली’ एवढेच मागे उरते. अशा आजीचे जुने कागद सापडले, तर तेही बरोबर न्यावेत.