शास्त्रीय संगीत कोणाचे?

पुढील शब्द मोठ्याने वाचा : उस्ताद, शागीर्द, रियाज, मैफल, साज, तराणा, ख्याल. यांपैकी एक तरी शब्द तुम्हांला परका वाटला का? मुळीच नाही. घरी आणि शाळेत तुम्ही हे शब्द ऐकत आला आहात. शास्त्रीय संगीताच्या जगातही हेच शब्द चालतात. मराठी गायकसुद्धा पहाटे 'रियाजाला' बसतो आणि रात्री 'मैफल' रंगवतो.

तरीही रेडिओवर ख्याल सुरू झाला, की आपल्यापैकी पुष्कळजण म्हणतात, "हे मोठ्या लोकांचे गाणे. आपल्याला त्यातले काय कळणार?" आणि लगेच दुसरे केंद्र लावतात.

हे म्हणणे खरे आहे का? चला, आपण नीट विचार करू.

प्रथम एक गोष्ट मान्य केली पाहिजे. एके काळी हे संगीत खरोखरच मूठभर लोकांसाठी होते. राजांचे आणि नवाबांचे दरबार, सरदारांचे वाडे, धनिकांच्या हवेल्या येथे मैफली होत. सामान्य माणसाला तेथे प्रवेश नव्हता. उस्तादही आपली विद्या जपून ठेवत. उत्तम बंदिश ते आपल्या मुलाला किंवा अगदी जवळच्या शागिर्दालाच देत. त्यांना केवळ दोष देऊन चालणार नाही. ज्याच्याजवळ ना शेत ना दुकान, त्याची विद्या हीच त्याची जहागीर होती. शिवाय ज्यांचे गाणे मोठे मानले जाई, त्या गवयांना समाजात मात्र तेवढा मान नव्हता. आश्रयदात्याची मर्जी गेली, की त्यांची भाकरीही जाई.

मग ही बंद दारे कोणी उघडली?

विष्णु दिगंबर पलुसकर हे मूळचे कुरुंदवाडचे. लहानपणी फटाक्यामुळे त्यांची दृष्टी अधू झाली. मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे ते गाणे शिकले. पुढे 1901 साली त्यांनी लाहोर येथे 'गांधर्व महाविद्यालय' स्थापन केले. ही शाळा एखाद्या राजाच्या खजिन्यावर चालत नव्हती. लोकांच्या देणग्या आणि तिकीट लावून केलेले जलसे यांवर ती उभी राहिली. दरबारात जायला आमंत्रण लागे. जलशाला तिकीट पुरे होई.

दुसरे विष्णु नारायण भातखंडे. ते मुंबईचे वकील. त्यांनी देशभर प्रवास केला, अनेक उस्तादांकडून शेकडो बंदिशी मिळवल्या, त्या स्वरलिपीत लिहिल्या आणि 'क्रमिक पुस्तक मालिका' या नावाने छापल्या. ज्या बंदिशी एकेका घराच्या चार भिंतींत होत्या, त्या पुस्तकाच्या पानांवर आल्या.

तिसरे उस्ताद अब्दुल करीम खाँ. त्यांचा जन्म उत्तर प्रदेशातील कैराना या गावचा. त्यांच्या घराण्याला 'किराणा घराणे' म्हणतात. 1913 साली त्यांनी पुण्यात 'आर्य संगीत विद्यालय' काढले. पुढे ते मिरजेला राहिले. रामभाऊ कुंदगोळकर म्हणजेच 'सवाई गंधर्व' हे त्यांचे शिष्य. 1937 साली खाँसाहेबांचे निधन झाले. मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्यात उरुसाच्या वेळी त्यांच्या स्मरणार्थ नामवंत कलावंत गातात आणि वाजवतात. दर्ग्याच्या आवारात बसून कोणीही ते ऐकू शकतो.

दार उघडले, तरी ते सर्वांसाठी सारखे उघडत नाही. गंगूबाई हनगल यांचा जन्म 1913 साली धारवाडला झाला. त्यांचे शालेय शिक्षण फार झाले नाही. गाणाऱ्या बाईकडे आणि तिच्या जातीकडे त्या काळी लोक तुच्छतेने पाहत. रस्त्याने जाताना त्यांना टोमणे ऐकावे लागत. तरी हुबळीहून आगगाडीने कुंदगोळला जाऊन त्या सवाई गंधर्वांकडे शिकल्या. एकेक पलटा शेकडो वेळा घोटून त्यांनी आपले गाणे घडवले. 2002 साली भारत सरकारने त्यांना 'पद्मविभूषण' दिले.

उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांच्या शहनाईची गोष्टही अशीच आहे. शहनाई लग्नमंडपाच्या दाराशी आणि नौबतखान्यात वाजे. खाँसाहेबांनी तिला मैफलीच्या मध्यभागी बसवले. दाराबाहेरचे वाद्य आत आले. 2001 साली त्यांना 'भारतरत्न' हा किताब मिळाला.

आता पुन्हा मिरजेला येऊ. तेथील सतार आणि तानपुरा देशभर प्रसिद्ध आहेत. हे साज बनवणाऱ्यांचे पूर्वज शिकलगार होते. ते तलवारींना धार लावत, शस्त्रे दुरुस्त करत. शस्त्रांची मागणी घटली, तेव्हा फरीदसाहेब यांच्यासारख्या कारागिरांनी वाळलेला भोपळा आणि लाकूड हाती घेतले. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. मोठ्यात मोठा गायक गाऊ लागतो, तेव्हा त्याच्या मागे वाजणारा तानपुरा अशा एखाद्या कारागिराच्या हाताने जुळलेला असतो. मग हे संगीत 'मोठ्या लोकांचे' कसे म्हणायचे?

तुम्ही म्हणाल, "पण सर, ते समजत नाही, त्याचे काय?"

तुम्ही मुशायरा ऐकला असेल. शायर गझल म्हणत असतो. श्रोते पहिल्या शेरातच रदीफ ओळखतात. मग पुढच्या प्रत्येक शेरात ते तिची वाट पाहतात. ती नेमक्या जागी आली, की सगळे एकदम 'वाह!' म्हणतात. हे तुम्हांला कोणी पुस्तकातून शिकवले नाही. ऐकून ऐकून कळले.

ख्यालातही असेच असते. तबल्यावर सोळा मात्रांचा तीनताल चालू असतो. त्याच्या पहिल्या मात्रेला 'सम' म्हणतात. गायक स्वरांशी खेळत दूर जातो. हा आता चुकणार, असे वाटते. इतक्यात तो बंदिशीचा मुखडा घेऊन बरोबर समेवर येतो आणि श्रोत्यांच्या माना आपोआप हलतात. रदीफेची वाट पाहणाऱ्याला समेची वाट पाहणे कठीण नाही. कधी भूप राग ऐकून पाहा. त्यात सा, रे, ग, प, ध हे पाचच स्वर आहेत. दहा मिनिटे ऐका. पहिल्या दिवशी सम सापडली नाही, तर दुसऱ्या दिवशी सापडेल.

गायक होण्यासाठी मात्र अनेक वर्षांचा रियाज लागतो. पण मेहनतीला जात नसते, की श्रीमंती नसते. अडचण आहे ती दुसरीच. चांगला शिक्षक सर्व गावांत मिळत नाही. सर्वांना फी परवडत नाही. सर्व घरांत मुलीला गायला परवानगी मिळत नाही. ही दारे अजून पूर्ण उघडलेली नाहीत आणि ती सुरांनी बंद केलेली नाहीत, माणसांनी केली आहेत. म्हणून ती माणसांनाच उघडावी लागतील.

आपल्या हातून एवढे तरी व्हावे : पुढच्या वेळी रेडिओवर ख्याल लागला, तर "हे आपले नाही" असे म्हणून केंद्र बदलू नका. आवडले नाही, तर अवश्य बदला. पण आधी एकदा समेपर्यंत थांबा.

शब्दार्थ
मूठभर – अगदी थोडे
जहागीर – राजाने दिलेले उत्पन्न
अधू – कमजोर
टोमणा – मनाला लागेल असे बोलणे
पलटा – स्वरांची उलटसुलट रचना
घोटणे – पुन्हा पुन्हा म्हणून पक्के करणे

स्वाध्याय
1. उस्ताद आपली विद्या जपून का ठेवत?
2. दरबारातील मैफल आणि तिकिटाचा जलसा यांत कोणता फरक होता?
3. लेखकाने रदीफ आणि सम यांची तुलना कशी केली आहे?
4. 'दारे सुरांनी बंद केलेली नाहीत, माणसांनी केली आहेत' या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.
5. उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषांत वापरले जाणारे दहा शब्द लिहा.