हिरड्यांचा विकार : काढ्याची गुळणी की जंतुनाशक औषध?

दात जाण्यास कीड जशी कारण होते, तसाच हिरड्यांचा विकारही होतो. फरक इतकाच की, किडलेला दात ठणकतो आणि बिघडलेली हिरडी बहुधा दुखत नाही. म्हणून ब्रशला रक्त लागले तरी माणूस डॉक्टरकडे न जाता गुळण्यांकडे वळतो. आपल्या भोपाळात खुशीलाल शर्मा आयुर्वेद महाविद्यालय, झियाउल हसन युनानी महाविद्यालय व गांधी वैद्यकीय महाविद्यालय अशी तिन्ही पद्धतींची विद्यालये नांदत आहेत. तेव्हा काढा चांगला की बाटलीतले औषध, हा प्रश्न येथे निघणे साहजिकच आहे.

रोगाचे मूळ

दातांवर जंतूंचा चिकट थर रोज साचतो. १९६५ साली डेन्मार्कमधील हाराल्ड ल्यो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १२ निरोगी व्यक्तींना दात घासणे बंद करावयास सांगितले. १० ते २१ दिवसांत सर्वांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासू लागताच त्या पूर्ववत झाल्या. थर तसाच राहिला तर त्याचे टणक किटण बनते, हिरडी दातापासून सुटते आणि आतले हाड झिजते. झिजलेले हाड कोणत्याही गुळणीने भरून येत नाही.

जंतुनाशक गुळण्या

यांत क्लोरहेक्सिडीन प्रमुख होय. ते दातांना चिकटून राहते व कित्येक तास हळूहळू सुटत असते, हेच त्याचे बळ. ०.२ टक्के द्रावणाच्या १० मिलिलिटरने दिवसातून दोनदा गुळणी केल्यास थर धरत नाही, असे १९७० साली दिसून आले. २०१७ साली ५१ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. थर पुष्कळ घटतो, सौम्य सूज थोडी उतरते, परंतु चार आठवडे वा अधिक काळ वापरल्यास दातांवर डाग पडतात, असा त्याचा निष्कर्ष आहे. चवही काही काळ बिघडते.

वनस्पतींच्या गुळण्या

काढा तोंडात खेळविणे तो कवल व तोंड भरून स्थिर धरणे तो गंडूष, असा भेद आयुर्वेदाने फार पूर्वीच केला आहे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात ८ ते १२ वर्षांच्या १४३१ विद्यार्थ्यांवर त्रिफळा व क्लोरहेक्सिडीन यांची तुलना झाली. दोहोंच्या गुणात लक्षणीय फरक आढळला नाही. मात्र तेथील क्लोरहेक्सिडीन ०.१ टक्का, म्हणजे नेहमीच्या निम्म्या तीव्रतेचे होते. त्रिफळ्याचे प्रमाणही मोजून ०.६ टक्के ठेवलेले होते. घरच्या काढ्याला असे माप नसते, हे विसरू नये.

खरे पाहता हे भांडण वाटते तितके मोठे नाही. १८७९ साली अमेरिकेत निघालेल्या लिस्टरिनमधील थायमॉल हे द्रव्य आपल्या ओव्याच्या तेलातही असते.

भोपाळकरांसाठी विशेष

मध्य प्रदेशात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, तरी तंबाखूची सवय सुटलेली नाही. धूम्रपान करणाऱ्याच्या हिरड्यांतून रक्त कमी येते, त्यामुळे रोग आत वाढत असता माणूस निर्धास्त राहतो. तोंडातील व्रण किंवा पांढरा चट्टा दोन आठवड्यांत बरा न झाल्यास गुळण्या करीत बसू नये. ताबडतोब तपासून घ्यावे. तेथे प्रश्न दातांचा नसून जिवाचा असू शकतो.

तात्पर्य

१) किटण दंतवैद्याकडूनच काढवावे. गुळणी ही जोड आहे, पर्याय नव्हे.

२) क्लोरहेक्सिडीन डॉक्टरांनी सांगितले तितकेच दिवस वापरावे. दात घासल्यावर अर्धा तास थांबून गुळणी करावी, कारण पेस्टमुळे त्याचा गुण कमी होतो. रोज्यांच्या महिन्यात इफ्तारीनंतर व सहरीच्या वेळी अशा दोन वेळा ठेवता येतील.

३) सौम्य सूज असता त्रिफळ्याची गुळणी करण्यास हरकत नाही. काढा ताजा व गाळलेला असावा.

४) मधुमेह असणाऱ्यांनी हिरड्यांची विशेष काळजी घ्यावी, कारण दोन्ही रोग एकमेकांना बळ देतात.

ब्रश असो, कडुलिंबाची काडी असो वा मिसवाक, रोजची सफाई हाच पहिला उपचार. आपल्या ट्रस्टच्या या महोत्सवी वर्षात प्रत्येक सभासद कुटुंबाने लहानथोरांचे दात एकदा तरी तपासून घ्यावेत, एवढीच आमची विनंती आहे.