पट्टी आधी कापा, मग जोडा

चौकोन जोडून केलेली गोधडी बिघडते ती बहुतेक वेळा चौकोन शिवताना नाही, त्यांच्यामधे पट्टी घालताना. माझ्या धाकट्या जावेची गोधडी उसवून पुन्हा जोडायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा ही गोष्ट मी टाक्याटाक्याला पाहिली. पहिल्यांदाच अशी गोधडी करणाऱ्यांना उपयोगी पडेल म्हणून हा सगळा हिशेब लिहून काढते आहे.

तिचे वीस चौकोन देखणे होते. प्रत्येकात नऊ तुकडे, काही जुन्या सुती साड्यांचे, काही ड्रेस शिवून उरलेले. मधल्या पट्ट्यांसाठी तिने नवं मरून पॉपलिन आणलं होतं. चौकोन जोडून झाल्यावर पलंगावर पसरले, तर कडांना झोळ, मधे फुगवटा, आणि वरच्या ओळीतल्या चौकोनांखाली खालचे चौकोन बोटभर सरकलेले. "ताई, आत कापूस भरला की बसेल ना हे?" तिने विचारलं. मी टेप घेतली आणि एकेक चौकोन मोजला. कुठे सव्वाबारा इंच, कुठे साडेबारा, कुठे पावणेतेरा. पट्टीही तितकीच कमीजास्त. तिने लांबलचक पट्टी चौकोनाच्या कडेला ठेवली होती, टीप मारत नेली होती आणि चौकोन संपला तिथे कात्री लावली होती. त्यामुळे चौकोनात जी चूक होती तीच पट्टीने उचलली आणि पुढच्या चौकोनाकडे सरकवली. ओळी एकमेकींना जोडताना दोन्ही ओळी ताणून ताणून जुळवल्या होत्या.

आपल्या आज्यांच्या गोधडीत हा प्रश्नच येत नव्हता. जुन्या साड्यांचे थर अंथरायचे, वर तुकडे ठेवायचे आणि धावदोऱ्याने सगळं एकदमच शिवत जायचं. एखादा तुकडा वाकडा निघाला तर हात तिथल्या तिथे त्याला सांभाळून घेई. चौकोनाची रीत अमेरिकेतल्या क्विल्टवाल्या बायकांकडून आपल्याकडे आली, आणि तिच्यात वरचा थर आधी वेगळा पुरा करतात. तिथे मधल्या पट्टीला सॅशिंग म्हणतात. या रीतीत चूक जागच्या जागी जिरत नाही. ती साठत जाते.

किती साठते ते पाहा. शिवणीला पाव इंच, म्हणजे दोन सूत, माया धरलेली असते. टीप अर्ध्या सुताने आत गेली तर एका शिवणीला दोन्ही बाजू मिळून एक सूत कापड जातं. चार चौकोन आणि पाच पट्ट्यांच्या ओळीत आठ शिवणी असतात, म्हणजे आठ सूत. ओळ पुरी एक इंच तोकडी! शेजारची ओळ बरोबर मापाची असेल तर तो इंच कुठेतरी झोळ होऊनच बाहेर येणार.

न मोजता लावलेली पट्टी लांब का होते, त्याचं कारण मशीनमध्येच आहे. खालचे दाते खालच्या कापडाला पुढे ओढतात आणि वरचं फूट वरच्या कापडाला मागे रेटतं. वरची पट्टी सुटी आणि लांब असली की ती नकळत ताणली जाते. त्यात ती पन्ह्याच्या दिशेने आडवी कापलेली असेल तर जास्तच, कारण आडवा धागा उभ्यापेक्षा अधिक ताण देतो. उरेब कापलेली पट्टी तर या कामाला चालतच नाही.

म्हणून पहिलं काम म्हणजे सगळे चौकोन इस्त्री करून मोजायचे आणि एक माप ठरवायचं. शिवून 12 इंच हवा असेल तर सुटा चौकोन साडेबारा. मोठा असेल तर मध्य धरून चारही बाजूंनी सारखा छाटा. एकाच बाजूने छाटला तर आतली नक्षी कडेला सरकते. चौकोनात चांदणी असेल आणि तिची टोकं कडेपर्यंत येत असतील, तर मात्र कात्री लावू नका, कारण शिवणीची माया जाऊन टोकं मुडपली जातात. अशा वेळी आणि चौकोन लहान पडला तरीही, त्याच्याभोवती एक अरुंद पट्टी लावून मग माप काढावं.

दुसरं काम पट्ट्यांचं. 12 इंची चौकोनाला शिवून दीड ते अडीच इंचाची पट्टी शोभते. त्याहून रुंद केली की नजर चौकोनावरून उडते. दोन इंची पट्टी हवी तर अडीच इंच रुंद आणि साडेबारा इंच लांब कापायची. सगळ्या पट्ट्या एकाच मापाच्या, टीप मारण्याआधी. आडव्या-उभ्या पट्ट्या जिथे भेटतात तिथे अडीच इंची छोटा चौकोन घालावा. याने दोन गोष्टी साधतात. कुठलीच पट्टी साडेबारा इंचांपेक्षा लांब लागत नाही, आणि लांब पट्टीला जोड द्यावा लागत नाही. सूतभर फरक असला तर तो त्याच 12 इंचांत मिटतो, पुढे जात नाही.

चार आडव्या, पाच उभ्या अशा वीस चौकोनांना, बाहेरच्या चारही कडा धरून, 49 पट्ट्या आणि 30 छोटे चौकोन लागतात. वरचा थर 58 बाय 72 इंच होतो. 44 इंच पन्ह्याच्या कापडाची किनार काढून पट्टीची लांबी उभ्या धाग्यात धरली, तर एका रांगेत 17 पट्ट्या बसतात आणि तीन रांगांत काम भागतं. म्हणजे साडेसदतीस इंच कापड. आटणं आणि कापताना वाया जाणं धरून सव्वा मीटर घ्या. छोट्या चौकोनांना पाव मीटर पुरे.

छोटे चौकोन नको असतील आणि सलग लांब पट्टीच आवडत असेल, तर तिच्यावर खडूने खुणा करा. डाव्या टोकापासून सव्वादोन इंचांवर पहिली खूण, मग 12, मग दोन, मग 12, असं शेवटपर्यंत. प्रत्येक चौकोनाची कड आपापल्या खुणेवर टाचली तर वरचा आणि खालचा चौकोन एका रेषेत येतो.

जोडताना आधी दोन टोकं टाचा, मग मध्य, मग मधली जागा. किंचित सैल असलेलं कापड दात्यांकडे, म्हणजे खाली ठेवा. दाते तेवढी सैली ओढून घेतात. इस्त्री करताना शिवण नेहमी पट्टीकडे झुकवा. चौकोनांच्या ओळीतही पट्टीकडे आणि पट्ट्यांच्या ओळीतही पट्टीकडे. म्हणजे ओळी जोडताना कोपऱ्यावर शिवणी एकमेकींच्या उलट बाजूला पडतात आणि कोपरा चपखल बसतो. इस्त्री वरून खाली दाबायची, पुढेमागे घासली तर पट्टी पुन्हा ताणली जाते.

नव्या कापडाचा एक धडा वेगळाच. उसवलेल्या पट्ट्यांवर वाफेची इस्त्री फिरवली, तर शेजारच्या मोतिया तुकड्यावर गुलाबी छटा उतरली. जुन्या साड्या कित्येक धुण्यांत आटून बसलेल्या असतात, नवं सुती कापड मात्र पहिल्या धुण्यात आटतं. 72 इंचांवर नुसतं तीन टक्के आटलं तरी दोन इंचांहून जास्त जातं आणि प्रत्येक चौकोन सुरकुततो. म्हणून पट्टीचं कापड आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्या. गडद लाल, मरून, निळा रंग असेल तर ओला तुकडा पांढऱ्या कापडावर ठेवून इस्त्री दाबा. डाग उमटला तर ते कापड पुन्हा धुवा, तरी उमटत असेल तर दुसरं घ्या.

शेवटी वरचा थर जमिनीवर पसरा आणि रुंदी वर, मधे, खाली अशी तीन ठिकाणी मोजा. फरक पाव इंचाच्या आत असेल तर अस्तर आणि कापूस लावायला हरकत नाही. अर्ध्या इंचावर गेला तर ज्या ओळीत फरक दिसतो ती उसवा. कापसाने झोळ भरून निघत नाही, धावदोरा घालताना तोच पुढे सरकत जातो आणि कडेला चुणी होऊन शिवला जातो. आता एक ओळ उसवायला एक संध्याकाळ पुरते. तीन थर एकत्र शिवल्यावर तीच ओळ सोडवायची म्हणजे आधी सगळा धावदोरा काढावा लागतो.