कित्येक महिने उभी राहिलेली मोटारसायकल

केळापूर तालुक्यांत आतां पुष्कळ घरांच्या दारापुढें बैलजोडी नसली तरी मोटारसायकल असते. हें चांगलें कीं वाईट, हा वाद प्रस्तुत लेखाचा विषय नव्हे. परंतु घरांतील गाडी चालविणारा मुलगा नोकरीनिमित्त पुण्यास किंवा हैदराबादेस गेला म्हणजे ती गाडी चार-सहा महिने पडवींत ताडपत्रीखालीं उभी राहते, आणि मग तिची गरज बहुधा अवेळींच लागते. हरभऱ्यास पाणी द्यावयाचें असून वीज रात्रीं मिळावयाची असते, किंवा कोणास पांढरकवड्यास दवाखान्यांत तांतडीनें न्यावयाचें असतें. टिपेश्वर अभयारण्याच्या बाजूच्या गांवांत तर अंधारांत वाटेवर बंद पडणारी गाडी ही नुसती गैरसोय नव्हे. टी-१ ही वाघीण २ नोव्हेंबर २०१८ रोजीं मारली गेली. त्यापूर्वींचे भीतीचे महिने या भागांतील लोक विसरलेले नाहींत. म्हणून गरज पडण्याच्या आधींच, सवडीच्या दिवशीं, ही गाडी चालू करून ठेवावी. हें काम बरेचसें घरीं होण्याजोगें आहे.

पहिली सूचना अशी कीं, ताडपत्री काढल्याबरोबर किक मारूं नये व सेल्फचें बटनही दाबूं नये. चार महिने दावणीस उभा असलेला बैल कोणी एकदम नांगरास जुंपीत नाहीं. यंत्राचीही स्थिति तशीच आहे. उभ्या गाडींत सिलिंडरच्या भिंतीवरील तेल ओघळून जातें, आणि त्या कोरड्या भिंतीवर पिस्टनच्या कड्या घांसल्या जातात. आमच्याच घरीं ही चूक झाली. शिमग्याच्या सुमारास गाडी बाहेर काढली, सेल्फ दाबून दाबून बॅटरी संपविली, मग दोघांनीं ढकलीत रस्त्याच्या टोंकापर्यंत नेली, ती ढिम्म. अखेर मिस्त्रीनें एअर फिल्टरची पेटी उघडली, तों आंत उंदरांनीं घरांतल्याच कापसाचें घरटें केलेलें! इंजिनास श्वास घेण्यास जागाच नव्हती. भाव वाढेल या आशेनें ज्या घरांत कापूस फाल्गुनापर्यंत साठवून ठेवलेला असतो, तेथें ही पेटी सर्वांच्या आधीं उघडून पहावी. आसनाखालील तारा कुरतडलेल्या आहेत काय, सायलेन्सरच्या तोंडांत कुंभारीण माशीनें मातीचें घर केलें आहे काय, हेंही त्याच वेळीं पहावें. ताडपत्री मात्र काठीनें उचलावी. जेथें उंदीर तेथें साप येण्याचा संभव असतो.

यानंतर पेट्रोलाकडे वळावें, कारण निम्मी अडचण तेथेंच असते. पेट्रोल हें धान्यासारखें टिकणारें नाहीं. त्यांतील हलका, लवकर पेट घेणारा अंश उडून जातो. उरलेल्याचा हवेशीं संयोग होऊन डिंकासारखा चिकट साका बनतो. ताज्या पेट्रोलाचा झणझणीत वास जाऊन रंगाच्या डब्यासारखा आंबूस वास येऊं लागला, म्हणजे तें बिघडलें असें समजावें. शिवाय हल्लींच्या पेट्रोलांत इथेनॉल असतें. पेट्रोलांत २० टक्के इथेनॉल मिसळण्याचें उद्दिष्ट देशानें प्रथम २०३० सालासाठीं ठरविलें होतें. तें २०२५ सालींच गांठलें गेलें. हें इथेनॉल ऊंस, मका व तांदळाची कणी यांपासून होत असल्यानें शेतकऱ्याचा त्यांत वांटा आहे, ही गोष्ट संतोषाची होय. पण इथेनॉल हवेंतील ओल शोषून घेतें. अर्धवट भरलेली टाकी पावसाळाभर उभी राहिली, तर ओल वाढत जाऊन पाणी व इथेनॉल मिळून एक निराळा थर होतो आणि तो तळाशीं बसतो. तळाचें पेट्रोल घेणाऱ्या रिझर्व्हच्या नळीवाटे आधीं तोच इंजिनांत जातो. टाकीस आंतून गंज चढतो तोही यामुळेंच.

म्हणून टाकींतील थोडें पेट्रोल कांचेच्या बाटलींत काढून घटकाभर स्थिर ठेवावें. तळाशीं वेगळा थर दिसला किंवा तांबूस गाळ बसला, तर सर्व टाकी रिकामी करावी. हें काम उघड्यावर करावें. जवळ चूल, कंदील वा विडी असूं नये. काढलेलें पेट्रोल विहिरीजवळ किंवा बांधावर ओतूं नये, चूल पेटविण्यास तर मुळींच घेऊं नये. झांकणाच्या पत्र्याच्या डब्यांत भरून तें मिस्त्रीकडे द्यावें.

१ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे नवे निर्बंध लागू झाले, आणि तेव्हांपासूनच्या बहुतेक गाड्यांत कार्ब्युरेटर नाहीं. त्यापूर्वींच्या बहुतेक गाड्यांत तो आहे, आणि खेड्यांत अशा गाड्या अद्याप पुष्कळ आहेत. कार्ब्युरेटरच्या वाटीच्या तळाशीं एक लहान स्क्रू असतो. तो सैल करून वाटींतील जुनें पेट्रोल सोडून द्यावें. एवढ्यानेंही पुष्कळदां काम भागतें. न भागल्यास आंतील जेट नांवाचें पितळी छिद्र साक्यानें बुजलें आहे असें समजावें. त्यांत तार किंवा सुई घालण्याचा मोह होतो, तो आवरावा. पितळ मऊ असतें. छिद्र एकदां मोठें झालें कीं गाडी कायमचें जास्त पेट्रोल खाऊं लागते. जेट काढून कार्ब्युरेटर साफ करण्याच्या द्रवांत भिजवावा व चाकाच्या पंपानें हवा मारावी. नव्या पद्धतीच्या गाडींत मात्र पेट्रोल दाबाखालीं असतें, तिची नळी घरीं सोडूं नये. चावी फिरविल्यावर टाकींतून पंपाची क्षणभर गुणगुण ऐकूं येते ती ऐकावी. बॅटरी चांगली असून आवाज नसेल, तर गाडी मिस्त्रीकडेच न्यावी.

आतां प्लग काढावा. त्या छिद्रांतून इंजिन ऑईलचे चार-पांच थेंब सिलिंडरांत सोडावे, आणि चावी बंद ठेवूनच किक हातानें हळूहळू आठ-दहा वेळां दाबावी. किक नसलेली गाडी वरच्या गियरमध्यें टाकून मागचें चाक हातानें फिरवावें. यंत्र अडलेलें वाटल्यास जोर करूं नये. प्लग काळा झाला असल्यास पुसावा, जुना असल्यास नवा बसवावा. त्याची किंमत कांहीं फार नाहीं. इंजिन ऑईल दुधासारखें पांढुरकें दिसलें तर त्यांत पाणी आहे, तें सुरू करण्यापूर्वींच बदलावें.

बॅटरी उभ्या उभ्या आपोआप उतरते. १२ व्होल्टची बॅटरी पुरी भरलेली असतां सुमारें १२.६ व्होल्ट दाखविते. १२ च्या खालीं ती जवळजवळ रिकामी समजावी. ती सावकाश भरावी, म्हणजे ५ अँपिअर-तासांची असल्यास सुमारें अर्ध्या अँपिअरनें. झांकणें उघडणारी असल्यास फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावें. ॲसिड घालूं नये, विहिरीचें पाणी तर नाहींच. काढतांना ऋण बाजूची तार आधीं सोडावी व बसवितांना ती शेवटीं जोडावी. पुष्कळ जुन्या गाड्या बॅटरीवांचून किकवर चालतात. नव्या पद्धतीच्या बहुधा चालत नाहींत.

ताजें पेट्रोल घालून, चोक ओढून, गाडी अंगणांत सुरू करावी. पडवींत किंवा कोठ्यांत नव्हे. तिच्या धुरांतील विषारी वायूस वास नसतो. सेल्फ पांच सेकंदांहून अधिक दाबूं नये, मध्यें थोडा विसावा द्यावा. आरंभीं पांढरा धूर निघतो, तो सिलिंडरांत सोडलेल्या ऑईलचा असतो आणि थोड्या वेळांत जातो. गाडी गियरमध्यें टाकण्यापूर्वीं लक्षांत ठेवावें कीं क्लचच्या चकत्या एकमेकींस चिकटलेल्या असूं शकतात. क्लच दाबलेला असूनही गाडी एकदम पुढें झेप घेते, आणि समोर भिंत किंवा लहान मूल असल्यास अनर्थ होतो. पुढची जागा मोकळी ठेवावी. चाकांत हवा भरावी, टायरला भेगा पडल्या आहेत काय तें पहावें, साखळीस तेल द्यावें, दोन्ही ब्रेक अंगणांतच पारखावे. विम्याची मुदतही पहावी, तो निदान तिऱ्हाइताच्या नुकसानीपुरता तरी कायद्यानें आवश्यक आहे.

अंगणांत पांच मिनिटें चालवून गाडी पुन्हां ठेवून देणें व्यर्थ आहे. बॅटरी भरत नाहीं आणि सायलेन्सरांत ओल मात्र सांठते. चांगली अर्धा तास फिरवावी. मात्र पहिल्या दिवशीं जंगलाच्या वाटेस जाऊं नये. जेथून दिवसाउजेडीं पायीं परत येतां येईल, इतकेंच दूर जावें.