नाव नको, माहिती पक्की द्या

शाळेत तक्रारपेटी हवी, हा राज्य सरकारचा आदेश २०१७ चा. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतलं लैंगिक अत्याचाराचं प्रकरण घडल्यावर सरकारला शाळांना त्याची पुन्हा आठवण करून द्यावी लागली. पेटीचा उपयोग काय? अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसने शाळांमधल्या ३७ हल्ल्यांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातल्या ८१ टक्के घटनांत हल्लेखोराचा बेत आधीच कुणाला तरी ठाऊक होता, बहुतेक वेळा मित्रांना किंवा वर्गातल्या मुलांना. आपल्याकडेही ‘क्लास सुटल्यावर बघतो तुला’ हे चौघांनी ऐकलेलं असतंच.

मुलांनो, हे करा

- कोण, कुठे, कधी, कशाने हे चिठ्ठीत लिहा. ‘नववीतली मुलं दादागिरी करतात’ एवढ्यावर कुणी काही करू शकत नाही. ‘शुक्रवारी संध्याकाळी सहाला, स्टेशनच्या स्कायवॉकखाली, ९ ब च्या मुलाला चौघं मारणार, एकाच्या दप्तरात चाकू पाहिला’ यावर करता येतं.
- स्वतः पाहिलेलं आणि ऐकीव, दोन्ही वेगळं लिहा.
- धोका आजचाच असेल तर पेटी उघडायची वाट पाहू नका. ११२ लावा, मुलांसाठी १०९८ आहे. फोनवर तुमचा नंबर दिसतो, म्हणून ‘माझं नाव कुणाला सांगू नका’ असं स्पष्ट सांगा.
- धमकी मोबाइलवर आली असेल तर ती पुसू नका, स्क्रीनशॉट ठेवा.
- मित्र स्वतःच्या जिवाचं बरंवाईट करण्याचं बोलत असेल तर लगेच विश्वासातल्या मोठ्या माणसाला सांगा. टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६.

हे टाळा

- ‘चुगली होईल’ म्हणून गप्प बसू नका. कुणाला शिक्षा व्हावी म्हणून सांगणं वेगळं आणि कुणी वाचावं म्हणून सांगणं वेगळं.
- जुना राग काढायला चिठ्ठी वापरू नका. एका खोट्या चिठ्ठीमुळे पुढच्या दहा खऱ्या चिठ्ठ्यांवर कुणी विश्वास ठेवत नाही.
- मारामारीचे व्हिडिओ ग्रुपवर टाकू नका. लहान मुलांचे अश्लील फोटो पुढे पाठवणं हा तर स्वतंत्र गुन्हा आहे.
- एकट्याने मध्ये पडू नका.

शिक्षक-पालकांनो, तुम्ही

- अक्षर ओळखून चिठ्ठी कुणाची ते शोधू नका. ती वर्गात वाचूनही दाखवू नका.
- सीसीटीव्ही हवाच, पण त्याचा रोख थेट पेटीवर नको. कॅमेऱ्यासमोर कुणी चिठ्ठी टाकणार नाही.
- लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर ‘शाळेचं नाव खराब होईल’ म्हणून घरातल्या घरात मिटवू नका. पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणाऱ्याला कलम २१ खाली शिक्षा आहे. बदलापुरात शाळा व्यवस्थापनावर हाच ठपका ठेवला गेला. सद्हेतूने माहिती देणाऱ्यावर मात्र कारवाई होत नाही.
- पेटी ठरलेल्या दिवशी, एकाहून जास्त माणसांसमोर उघडा. त्यात पालक प्रतिनिधी असू द्या.
- चिठ्ठीवर काय केलं ते नावं न घेता फलकावर लावा. आपलं कुणी ऐकलं हे दिसलं, तरच मूल दुसऱ्यांदा लिहील.

पेटी महिनोन्‌महिने रिकामी असेल, तर शाळेत सगळं आलबेल आहे असं समजू नका. ती शेवटची कधी उघडली, हे पुढच्या पालकसभेत विचारा.