थाई नळ्या करणाऱ्या भाचीला कानमंत्र

बेंगळुरूच्या घरात थायलंडच्या ‘थाँग मुआन’ करायला निघालीस, शाब्बास! नारळाच्या दुधाच्या या कुरकुरीत नळ्या जरा मानी असतात, पण मान दिला की ऐकतात. मावशीचं एवढं लक्षात ठेव.

१. मल्लेश्वरमच्या आठव्या क्रॉसच्या बाजारातून ताजा नारळ आण आणि पहिलं घट्ट दूधच घे — पाणचट दूध आटेपर्यंत कडा करपतात आणि मधला भाग मऊच राहतो.

२. तांदळाची पिठी १ वाटी, टॅपिओका स्टार्च अर्धी, साखर पाऊण, नारळाचं दूध दीड वाटी, एक अंडं, चिमूटभर मीठ, थोडे काळे तीळ. अंडं गाळू नकोस — त्याच्यामुळेच चकती न तडकता वळते.

३. अंड्यावर घरात कुणी नाक मुरडलं, तर गोष्ट सांग: थायलंडात अशा अंड्याच्या गोडाचं श्रेय परंपरेनं सतराव्या शतकातल्या मारिया ग्योमार यांना देतात, आणि त्यांच्या वडिलांचं मूळ गोव्याकडचं सांगतात — माहेरची म्हटलं की विरोध निम्मा होतो.

४. तिकडे माडाची साखर घालतात. इथे तमिळ दुकानातली करुपट्टी, म्हणजे ताडगूळ, घालायची, तर निम्मीच घाल, बाकी साखर — गूळ हवेतला ओलावा ओढतो, शिवाय काळ्या रंगात करपलेलं दिसत नाही.

५. खायच्या चुन्याची वरची निवळी चमचाभर घाल, खालचा गाळ नाही — नळी खुसखुशीत होते. कोहळ्याच्या पेठ्याला वापरतात ना, तीच.

६. पीठ नीर डोशाइतकं पातळ ठेव, अर्धा तास झाक आणि दर चकतीआधी तळापासून ढवळ — पिठी आणि काळे तीळ खाली बसतात, मग शेवटच्या नळ्या दगड होतात.

७. थाई बायका दोन पात्यांचा लोखंडी साचा निखाऱ्यावर धरतात. तू आइस्क्रीम कोनचा विजेचा साचा घे, नाहीतर जाड नॉनस्टिक तवा मंद आचेवर. पहिली चकती तव्याला, दुसरी माणसाला — पहिलीवरून आच कळते.

८. चकतीची वाफ बघत राहा. आधी भसाभसा निघते, मग विरळ होते, कड उचलून सोनेरी दिसते. तोवर हात लावू नकोस — घाईची नळी संध्याकाळी पोळी.

९. मग मात्र रेंगाळू नकोस. लाकडी चमच्याच्या दांड्यावर गुंडाळ आणि जोड खाली करून क्षणभर दाब — गरम साखर वळते, गार झाली की तडकते.

१०. पंखा बंद, खिडकी लोटलेली. तुमचं शहर ९०० मीटर उंचीवरचं, वारा गार — चकती तव्यावरून हातात येईतो ताठ होते.

११. जाळीवर पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भर — कोमट नळी स्वतःच्या वाफेनंच भिजते. पावसाळ्यात तर डबा सैल, की श्रम फोल.

१२. तरी मऊ पडल्या, तर १२० अंशांवर ५ मिनिटं ओव्हनमध्ये ठेव आणि गार होऊ दे — कुरकुरीतपणा गार झाल्यावरच परत येतो, म्हणून गरमागरम चाखून रडत मला फोन करू नकोस.